मागच्या दाराचा सारांश

माझ्या आईने आमच्या समितीकडे आजवर एकतीस तक्रारी केल्या आहेत, आणि त्या एकतीसच्या एकतीस मीच नोंदवून घेतल्या आहेत. ती पत्र घरी कधीच देत नाही. "घरी दिलेलं पत्र तू भाजीच्या पिशवीत कोंबतोस," असं तिचं म्हणणं. सकाळी माझ्याच हातचा चहा पिऊन, काठी टेकत टेकत दोन रस्ते ओलांडून ती कार्यालयात येते, माझ्या खिडकीसमोर रांगेत उभी राहते आणि 'मा. लिपिक महोदय, स. न. वि. वि.' अशी सुरुवात असलेलं पत्र माझ्यापुढे सरकवते. मग पोचपावतीवर शिक्का उमटेपर्यंत ती हलत नाही. शिक्का फिका उठला तर दुसरा मारून घेते.

आमची समिती म्हणजे परिषदेची सेवा आणि सुरक्षा देखरेख समिती. वाचनालय, दवाखाना, रस्त्यावरचे दिवे, गटारांची झाकणं, ज्येष्ठांचं दिवसकेंद्र हे सगळं नीट चाललंय की नाही, यावर तिने देखरेख करायची. आता देखरेख म्हणजे कोणी जाऊन बघतं असं नाही. अध्यक्ष आणि सभासद महिन्यातून एकदा लांब टेबलाभोवती बसतात आणि मी लिहिलेला सारांश वाचतात. उंटावरून शेळ्या हाकणं दुसरं काय असतं? आवक नोंदवहीत 'सारांश' नावाचा एक रकाना आहे, तीन बोटं रुंद. तक्रार चार पानी असो की चौदा पानी, ती त्या रकान्यात दोन ओळींत बसली पाहिजे. या कामात माझा हात धरणारा कोणी नाही, असं अध्यक्ष चारचौघांत सांगतात. बावीस वर्षं मी हे काम केलं आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता.

आईची एकोणिसावी तक्रार आली ती सात महिन्यांपूर्वी, दिवसकेंद्राच्या मागच्या दाराबद्दल.

आम्ही नवरा-बायको दोघं कामाला जातो, म्हणून आई दिवसभर त्या केंद्रात असते. तिथे चाळीसेक म्हातारी माणसं येतात. त्यांतले एक घड्याळवाले काका. जन्मभर त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. आता त्यांना स्वतःच्या सुनेचं नाव आठवत नाही, जेवलो की नाही हे आठवत नाही, पण बंद पडलेलं घड्याळ पुढ्यात ठेवलं की डोळ्याला भिंग लावून ते बसतात आणि उजव्या हाताच्या दोन बोटांत तो केसाएवढा चिमटा धरून घड्याळ चालू करून देतात. हात जराही थरथरत नाही. केंद्रातल्या प्रत्येकाच्या मनगटावरचं घड्याळ त्यांनी एकदा तरी उघडलेलं आहे. आईचं तर तीनदा. डोकं विसरलं ते सगळं हातांनी जपून ठेवलं होतं, आणि तेवढ्या वेळापुरते काका पूर्वीचे काका असत.

फक्त रोज साडेअकरा वाजले की ते उठत. दुकान उघडायची वेळ झालेली असे. ते दुकान विकून आठ वर्षं झाली, पण हे त्यांना कोण पटवणार? उठून ते मागच्या दाराने बाहेर पडत, आणि मागचं दार उघडतं थेट हमरस्त्यावर, जिथे टँकर आणि मालाचे ट्रक वळण घेतात. दोनदा त्यांना रस्त्यावरून परत आणावं लागलं. तेव्हा आईने चार पानी पत्र लिहिलं.

मी त्याचा सारांश लिहिला: 'केंद्राचे मागचे दार दिवसभर उघडे असते. ज्येष्ठ रस्त्यावर जातात. बंदोबस्त व्हावा.'

समितीने बंदोबस्त केला. दाराला कुलूप लावावं, असं सर्वानुमते ठरलं. सुरक्षा निरीक्षक स्वतः जाऊन कुलूप ओढून बघून आले. विषय संपला, फाइल बंद.

दोन महिन्यांनी अग्निशमन अधिकारी केंद्रात गेले. त्यांना आम्ही आपसात बंबसाहेब म्हणतो. आणीबाणीत बाहेर पडायच्या दाराला कुलूप बघून त्यांच्याच डोक्यातून धूर निघाला. त्यांनी अहवाल दिला, मी सारांश लिहिला, आणि समितीने सर्वानुमते ठरवलं की हे दार कोणत्याही परिस्थितीत कुलूपबंद असू नये, अन्यथा केंद्राला सील ठोकावं. त्याच टेबलावर, त्याच पाच सह्यांनी. पहिला ठराव रद्द करायचं कोणालाच सुचलं नाही, कारण पहिली फाइल बंद झाली होती आणि बंद फाइल उघडायला वेगळा ठराव लागतो.

केंद्र चालवणाऱ्या बाई दोन्ही आदेश हातात घेऊन माझ्याकडे आल्या. इकडे आड, तिकडे विहीर.

"भाऊ, मी नेमकं करू काय? लावू की उघडू?"

मी त्यांना अध्यक्षांकडे नेलं. अध्यक्षांनी दोन्ही कागद वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, "यात अडचण काय आहे? दोन्ही आदेशांचं काटेकोर पालन करा."

मी लेखणी बंद केली. बैठकीत काय, अध्यक्षांच्या खोलीत काय, लिपिकाने बोलायचं नसतं, हा आमच्याकडचा रिवाज.

मग बाईंनी आणि मी आमची पद्धत बसवली. कुलूप एरवी लावलेलंच असे आणि किल्ली बाईंच्या गळ्यात. पाहणी ठरली की आदल्या दिवशी मी फोन करायचा. सुरक्षा निरीक्षक येणार असले तर सांगायचं, "उद्या थंडी आहे," म्हणजे दार बंदच ठेवा. बंबसाहेब येणार असले तर, "उद्या उकडणार आहे." पाच महिने हे हवामान खातं सुरळीत चाललं. दोन्ही खात्यांचे शेरे उत्तम. आईला मात्र सगळं दिसत होतं. कुलूप लावलेलं असताना आत आग लागली तर काय, म्हणून तिने पंचविसावी तक्रार केली. कुलूप काढलेल्या दिवशी काका निसटले तर काय, म्हणून सव्विसावी.

"आई, तुला नक्की हवंय तरी काय?" मी एकदा जेवताना वैतागून विचारलं. "उघडं ठेवलं तरी तक्रार, बंद केलं तरी तक्रार!"

"मला काय हवंय ते मी लिहून दिलंय."

"मग मी काय वाचत नाही का?"

"ते तुझं तुला माहीत," ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

पुढे जे झालं ते माझ्याच हुशारीमुळे. वर्षअखेर आली, दोन्ही खात्यांच्या पाहण्या बाकी होत्या आणि परिषदेची गाडी एकच. मी विचार केला, एकाच फेरीत दोन्ही उरकू. 'संयुक्त पाहणी, मंगळवार, सकाळी अकरा' असं टंकून मी अध्यक्षांची सही घेतली, प्रती रवाना केल्या, आणि वर अध्यक्षांकडून शाबासकीही घेतली. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला.

"भाऊ, मंगळवारी थंडी आहे की उकाडा?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पाहणी रद्द करायची तर लेखी कारण द्यावं लागतं, आणि कारण काय देणार? की पाच महिने आम्ही दोघं मिळून समितीला फसवतोय?

"दोन्ही आहे, बाई," मी म्हणालो.

मंगळवारी आम्ही सात जण त्या दाराशी उभे होतो. अध्यक्ष, दोन सभासद, बंबसाहेब, सुरक्षा निरीक्षक, बाई आणि वही घेतलेला मी. दिवाणखान्यात म्हातारी माणसं खुर्च्या वळवून आमच्याकडे बघत होती. खिडकीपाशी काका कोणाचं तरी घड्याळ उघडून बसले होते. आई दारापासून चार हातांवर आपल्या खुर्चीत, काठी मांडीवर आडवी. मी तिच्याकडे बघितलं नाही.

बाईंनी कुलूप कडीत अडकवलं होतं, पण दाबलं नव्हतं. बिचारीने काढलेला मधला मार्ग.

"हे कुलूप लावलेलं नाही," निरीक्षक म्हणाले.

"मुळात कुलूप इथे कशाला?" बंबसाहेब म्हणाले. "काढा ते आधी."

"काढा कसं? समितीचा ठराव आहे, क्रमांक सांगू?"

"माझ्याकडेही समितीचाच ठराव आहे. तुमच्यानंतरचा."

"नंतरचा असला म्हणून आधीचा मरतो का?"

बंबसाहेबांनी कुलूप काढलं आणि दार सताड उघडून दाखवलं. उघडल्यावर ते आपोआप लोटलं जातं, म्हणून अध्यक्षांनी सौजन्याने ते हाताने धरून ठेवलं. बाहेरून ट्रकचा आवाज आणि धूळ आत येत होती. मग खरा घोळ सुरू झाला, तो अहवालात काय लिहायचं यावरून.

"घ्या लिहून," अध्यक्ष मला म्हणाले. "दार उघडे आढळले."

"उघडे नाही," निरीक्षक म्हणाले, "मी आलो तेव्हा लोटलेलं होतं. 'कुलूप न लावलेले आढळले' लिहा."

"म्हणजे कुलूप लावायला हवं होतं असा अर्थ निघतो. मी सही करणार नाही," बंबसाहेब म्हणाले. "'कुलूप अडकवलेले' लिहा."

मी खोडत होतो, लिहीत होतो, पुन्हा खोडत होतो. डोकं नुसतं भणभणलं होतं. मान खाली होती आणि वहीच्या कडेपलीकडून दोन तपकिरी चपला गेल्या, सावकाश, एकामागून एक. मी त्या पाहिल्या. कोणीतरी म्हणालं, "जरा सरका, दुकान उघडायचंय," आणि अध्यक्ष म्हणाले, "या, या," आणि दार धरलेला हात न सोडता अंग चोरून त्यांनी वाट करून दिली. साडेअकरा वाजले होते.

"अरे, काका गेले!" आईचा आवाज आला.

मी डावा हात वर केला. एक मिनिट थांब, असा. वाक्य अर्धं राहिलं होतं.

ते वाक्य मी पूर्ण केलं. 'कुलूप कडीस अडकवलेले, परंतु न दाबलेले, अशा स्थितीत आढळले.' पूर्णविराम दिला. मान वर केली तेव्हा आईची खुर्ची रिकामी होती, आणि बाहेर टँकरचे ब्रेक इतक्या जोरात किंचाळले की खिडकीच्या काचा थरथरल्या.

आम्ही धावलो तोवर सगळं होऊन गेलं होतं. गुडघे दुखतात म्हणून संडासापर्यंतही भिंत धरून जाणारी माझी आई रस्त्याच्या मधोमध उभी होती, काठी आडवी उगारून, आणि तिच्या काठीपासून हातभर अंतरावर टँकरचं नाक होतं. ड्रायव्हर खाली उतरून शिव्या घालत होता. तिच्या मागे काका रस्त्यावर बसले होते. आईने त्यांना बाजूला ढकललं तेव्हा ते उजव्या हातावर पडले होते. तो मनगटातून भलतीकडे वळलेला हात त्यांनी डाव्या हातात नीट धरला होता, आणि ते त्याच्याकडे असे बघत होते की जणू कोणीतरी दुरुस्तीला आणून दिलाय.

"हा चालत नाही," ते मला म्हणाले.

आई माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी खिडकीसमोर रांगेत उभी राहिली आणि एकतिसावी तक्रार माझ्यापुढे सरकवली. मी शिक्का मारला. तिने तो उजेडात धरून बघितला आणि गेली.

ते पत्र मी तिथेच वाचलं. मग कपाट उघडून एकोणिसावं काढलं, सात महिन्यांपूर्वीचं चार पानी, आणि तेही वाचलं. पहिल्यांदाच पूर्ण वाचलं, हे कबूल करतो. पहिलं पान वाचून सारांश लिहायची मला सवय होती. तक्रार काय ते पहिल्या पानावर कळतंच. माणसाला काय हवंय ते बहुतेक शेवटच्या पानावर असतं, आणि त्यासाठी आमच्या नोंदवहीत रकानाच नाही.

पुढच्या सोमवारी बैठक झाली. संयुक्त पाहणीचा अहवाल निघाला. अध्यक्ष म्हणाले, "शेवटी एक ओळ टाका, पाहणी शांततेत पार पडली. तो रस्त्यावरचा प्रकार केंद्राच्या हद्दीबाहेर घडलाय, तो इथे नको. आणि त्या आजींची तक्रार आलीय म्हणे? सारांश वाचा."

मी उभा राहिलो. बावीस वर्षांत त्या खोलीत मी उभा राहिलो नव्हतो.

"सारांश लिहिलेला नाही, साहेब. पत्र वाचतो."

"अहो, चार-चार पानं कुठे ऐकत बसायची?"

"एकच पान आहे," मी म्हणालो, आणि परवानगीची वाट न बघता वाचायला लागलो.

'मा. लिपिक महोदय, स. न. वि. वि. मंगळवारी साडेअकरा वाजता दिवसकेंद्राच्या मागच्या दारातून एक गृहस्थ रस्त्यावर गेले. त्या वेळी त्या दारात सात जण उभे होते. एकाने दार धरले होते. दोघे भांडत होते. दोघे भांडण ऐकत होते. एक बाई रडकुंडीला आल्या होत्या. सातवा माझा मुलगा. मी त्याला हाक मारली. तो लिहीत होता.

'या गृहस्थांचा उजवा हात मोडला आहे. हाड जुळेल, पण बोटांत पूर्वीसारखी पकड येणार नाही, असे डॉक्टर म्हणतात. त्यांना पडणे आठवत नाही. रोज सकाळी ते प्लास्टरकडे बघून विचारतात, हे काय झाले, आणि रोज त्यांना नव्याने सांगावे लागते.

'दाराला कुलूप लावा, असे मी कधीही लिहिले नव्हते. दार उघडे ठेवून त्याला घंटा बांधा, म्हणजे कोणी बाहेर पडले तर आम्हाला कळेल, असे मी या दाराबद्दलच्या पहिल्याच पत्रात चौथ्या पानावर लिहिले होते. ते समितीपुढे का आले नाही, हे समितीने आपल्या लिपिकास विचारावे.'

बंबसाहेब आणि निरीक्षक, दोघंही आयुष्यात पहिल्यांदाच एकाच बाजूला, म्हणजे टेबलाकडे बघत होते.

"विचारा," मी म्हणालो.

अध्यक्षांनी घसा खाकरला. "मग... का आलं नाही?"

"मी गाळलं. रकान्यात बसत नव्हतं."

बोलताना माझा आवाज चिरका लागला, आणि मला त्याची लाजही वाटली नाही. लाज वाटत होती ती निराळ्याच गोष्टीची. त्या तपकिरी चपला मी पाहिल्या होत्या. ते कोणत्याही पत्रात नव्हतं. म्हणून तेही सांगून टाकलं.

एवढं झाल्यावर तरी सरळ काही ठरेल की नाही? छे. घंटेचा आकार, आवाज आणि उंची ठरवण्यासाठी तीन सभासदांची उपसमिती नेमावी आणि तिने दोन महिन्यांत अहवाल द्यावा, असं सर्वानुमते ठरलं. डोंगर पोखरला आणि उंदीरसुद्धा निघाला नाही. मी ते सगळं शब्द न् शब्द इतिवृत्तात लिहिलं, माझ्या बोलण्यासकट, आणि पुढे सरकवलं. अध्यक्षांनी बराच वेळ लेखणी हातात धरली आणि मग सही केली.

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. हार्डवेअरच्या दुकानातून दुकानाच्या दाराला लावतात तसली पितळी घंटा घेतली, दोन स्क्रू घेतले आणि केंद्रात गेलो. बाईंनी गळ्यातली किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. मी कुलूप काढून खिशात टाकलं, स्टुलावर चढलो आणि घंटा लावली. चार मिनिटं लागली. ज्याला सात महिने, दोन ठराव आणि एक हात लागला, ते काम चार मिनिटांचं होतं.

"वाकडी लागलीय," आई खुर्चीतून म्हणाली. आठ दिवसांनी तिने माझ्याशी काढलेला हा पहिला शब्द.

मी ती सरळ केली.

साडेअकरा वाजले. काका उठले, प्लास्टरचा हात छातीशी धरून दारापर्यंत आले आणि डाव्या हाताने दार ओढलं. घंटा वाजली. सगळ्या खुर्च्यांतली डोकी वर झाली, स्वयंपाकघरातून बाई धावत आल्या, आणि आईने बसल्या बसल्याच हाक मारली, "काका, आज दुकान बंद आहे हो. या इकडे."

"बंद?" काका म्हणाले. त्यांनी वर घंटेकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि परत फिरले. खिडकीपाशी जाऊन बसले. पुढ्यात आईचं घड्याळ होतं, पुन्हा बंद पडलेलं. ते त्यांनी डाव्या हाताने उचललं, कानाला लावलं आणि तसंच खाली ठेवलं.

मी आईजवळ जाऊन उभा राहिलो.

"ते घड्याळ दुसरीकडे दुरुस्तीला देऊ का?" मी विचारलं.

"नको. राहू दे त्यांच्यापाशी." ती काकांकडेच बघत होती. "आणि घंटा लावलीस म्हणून तक्रार मागे घेणार नाही मी."

"घेऊ नकोस," मी म्हणालो.